अजून डोकं पांढरं व्हायचंय

अमेरिकेच्या डॉलरवर, पासपोर्टवर आणि टपालाच्या गाड्यांवर जो गरुड, म्हणजे बाल्ड ईगल, दिसतो, त्याची पाच वर्षं नेहमी पूर्ण झालेली असतात. पांढरंशुभ्र डोकं, पिवळीधमक चोच, आणि नजर अशी की समोरच्याने न सांगता आपली कागदपत्रं बाहेर काढावीत. त्याआधीची पाच वर्षं हा पक्षी कुठे असतो, कसा दिसतो, कुणाच्या ताटातलं पळवून खातो, याची फारशी कुणी विचारपूस करत नाही. ती मी करते. म्हणजे आमचे हे फोटो काढतात आणि मी विचारपूस करते. दोन्ही कामं एका माणसाने करायची नसतात, हे आम्हाला आता कळून चुकलंय.

आमची मुलगी सिरॅक्यूजला असते. हे गाव न्यूयॉर्क राज्यातलं, पण न्यूयॉर्क शहरापासून गाडीने चार तासांवरचं. वर्षाला सरासरी तीन मीटर बर्फ पडतो, आणि आसपासच्या शहरांत सगळ्यात जास्त बर्फ कुणाकडे पडला याची दर हिवाळ्यात रीतसर चढाओढ लागते, चषकासकट. हा चषक सिरॅक्यूजने बऱ्याचदा पटकावलाय. पुण्यातली माणसं विचारतात, मग तुम्ही उन्हाळ्यात का नाही जात? उन्हाळ्यात सगळेच जातात. शिवाय उन्हाळ्यात तळ्यावर गरुडांचा असा मेळावा भरत नाही.

तळ्याचं नाव ऑनंडागा. त्याची ख्याती फार जुनी आणि फार वाईट. एके काळी अमेरिकेतल्या सगळ्यात घाणेरड्या तळ्यांमध्ये याचं नाव घ्यायचे. काठावर रासायनिक कारखाने होते आणि शहराचं सांडपाणी होतंच. 1940 मध्ये इथे पोहायला बंदी आली, आणि 1970 मध्ये मासे धरायलाही, कारण माशांत पारा निघाला. 1946 पासून त्या वर्षापर्यंत अलाइड केमिकल कंपनीच्या कारखान्यातून सुमारे 75 टन पारा तळ्यात गेला होता. पुढे खटले झाले, तळं सरकारी सफाईच्या यादीत गेलं, आणि 2012 ते 2014 या काळात तळाचा गाळ उपसला गेला. आता पाणी बरंच निवळलंय.

पण गरुड इथे येतात ते पाणी निवळलं म्हणून नव्हे, किंवा निदान तेवढ्यासाठी नव्हे. तळ्याच्या आग्नेय टोकाला शहराचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. तिथून सुटणारं पाणी कोमट असतं. जानेवारीत बाकीचं तळं गोठून पांढरं पडतं, तेव्हा तेवढा कोपरा उघडा राहतो. त्या कोपऱ्यात गिझर्ड शॅड नावाचे चंदेरी मासे गोळा होतात. थंडीने ते अर्धमेले झालेले असतात, त्यामुळे त्यांना धरायला फार हुशारी लागत नाही. माशांमागे गरुड येतात. एका बाजूला शुद्धीकरण केंद्र, जवळच एक अवाढव्य मॉल, मधून मालगाड्यांचे रूळ, आणि रुळांपलीकडच्या उंच कॉटनवुडच्या झाडांवर डझनावारी राष्ट्रीय प्रतीकं बसलेली. पाहुण्यांना गरुड दाखवायला नेताना इथले यजमान सांडपाण्याचा भाग जरा गिळतात. ह्यांना मात्र तोच भाग सांगायला सगळ्यात जास्त आवडतो.

ह्यांच्या फोटोग्राफीबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. बँकेतल्या सबंध नोकरीत कर्जाच्या कागदावर चार ठिकाणी सह्या घेतल्याशिवाय ज्यांनी कुणाला दमडी दिली नाही, त्यांनी निवृत्तीनंतर 150-600 ची लेन्स एका रात्रीत, मला न विचारता मागवली. खोक्यातून ती निघाली तेव्हा मला वाटलं पाण्याचा पंप आलाय. तळ्यावर गेल्यावर कळलं की ही तर तिथली सगळ्यात धाकटी. काठावरच्या मंडळींत एक न बोललेली उतरंड असते. हातभर लांब, पुढून थाळीएवढ्या, पांढऱ्या लेन्सवाले पुढे, तिकाटण्यावर. मग आमच्यासारखे काळ्या लेन्सवाले. मग दुर्बीणवाले. सगळ्यात मागे मोबाइलवाले, जे पाच मिनिटं थांबून "कुठेय? कुठेय?" विचारून मॉलमध्ये कॉफी प्यायला जातात. मी थर्मासवाली. माझी जागा या उतरंडीत कुठेच नाही, त्यामुळे माझ्याशी सगळेच बोलतात.

उणे बारा तापमानात फोटो काढणं हा निम्मा वेळ बॅटरीच्या सेवेचा कार्यक्रम असतो. थंडीत बॅटरी बघता बघता मरते. म्हणून जादाची बॅटरी शर्टाच्या आतल्या खिशात, छातीशी धरून ठेवायची. दुसरी मेली की हिला काढायचं आणि तिला आत घ्यायचं. हातमोजे असे असतात की बोटांची टोकं उघडता येतात, पण उघडली की बोटं जातात आणि मिटली की बटण सापडत नाही. श्वास जरा जोरात सोडला तर कॅमेऱ्याच्या भिंगावर धुकं. त्यात कॅमेरा बर्फाला फसतो. चहूकडे पांढरं बघून त्याला वाटतं प्रकाश फार झाला, तो आपणहून कमी करतो, आणि तपकिरी पक्ष्याचा कोळसा होऊन जातो. म्हणून एक-दीड स्टॉप वर चढवावा लागतो. मग पांढऱ्या डोक्याचा गरुड आला की त्याचं डोकं जळून नुसता एक पांढरा ठिपका उरतो. दोघांना एकाच मापात न्याय देता येत नाही. ह्यांनी शेवटी पोरांच्या बाजूने निर्णय घेतला. "म्हाताऱ्यांचे फोटो जगाने काढलेत," म्हणाले. ह्यांचं स्वतःचं डोकं पार पांढरं झालेलं आहे, हे मी तेव्हा बोलले नाही.

पक्षी उडणार कधी, हे ओळखण्याची एक खूण तिथल्या जुन्या माणसांनी आम्हाला शिकवली, आणि ती इतकी खात्रीची आहे की ती गुपित का ठेवावी मला कळत नाही. गरुड उडण्याआधी बहुधा शिटतो. जरा पुढे झुकतो, शेपूट वर उचलतो आणि मागच्या मागे लांबलचक पांढरी पिचकारी सोडतो. ओझं उतरवलं की सेकंद-दोन सेकंदांत पंख उघडतात. त्यामुळे होतं असं की, इतका वेळ गप्पा मारत उभी असलेली गंभीर, निवृत्त, सुशिक्षित माणसं एकदम गप्प होतात, डोळा कॅमेऱ्याला लावतात आणि एका पक्ष्याच्या पार्श्वभागाकडे श्वास रोखून बघत बसतात. पिचकारी सुटली की दहा कॅमेऱ्यांचा एकच कडकडाट. कधी कधी तो नुसताच शिटतो आणि बसून राहतो. तेव्हा सगळे माना खाली घालून आपापले बूट बघतात.

वय ओळखायला शिकवलं ते एका निवृत्त पोस्टमनने. हा सद्गृहस्थ जन्मभर याच गावात पत्रं टाकत हिंडला, आणि आता रोज सकाळी गरुड मोजतो. पोरसवदा गरुडांना तो "जुव्ही" म्हणतो, जणू सगळी त्याच्याच गल्लीतली. त्याच्या सांगण्याप्रमाणे पहिल्या वर्षीचा जुव्ही नखशिखान्त गडद तपकिरी असतो. चोच काळी, डोळे काळपट. दुसऱ्या वर्षी पोटावर आणि पाठीवर पांढरे चट्टे उठतात, आणि पंखाची मागची कड करवतीसारखी दातेरी होते, कारण पहिल्या वर्षीची काही लांब पिसं अजून गळायची असतात आणि नवी आखूड पिसं मध्ये मध्ये आलेली असतात. तिसऱ्या वर्षी चोच पिवळी पडू लागते, डोळे निवळतात, डोकं मळकट होतं आणि डोळ्यामागून एक काळी पट्टी उतरते. चौथ्या वर्षी डोकं जवळपास पांढरं, पण डाग राहिलेले. पाचव्या वर्षाच्या आसपास एकदाचा तो डॉलरवर बसायच्या लायकीचा होतो.

आता या सगळ्याची आमच्या नातवाशी तुलना करायचा मोह मला फार झाला. तोही दिवसभर तपकिरी हूडी घालून, पंख लांब आणि अंदाज तोकडा अशा अवस्थेत घरभर आपटत असतो, आणि फ्रिजसमोर उभा राहून दुसऱ्याच्या डब्यातलं खातो. पण त्याची आई हे त्याला वाचून दाखवणार, म्हणून तो विषय इथेच सोडते.

एक गोष्ट मात्र पोस्टमनने सांगितली तेव्हा मला खरी वाटली नाही. पहिल्या वर्षीचं पिल्लू आईबापांपेक्षा मोठं दिसतं. वजनाने नव्हे, पण पंखांची आणि शेपटीची पिसं त्याची जास्त लांब असतात. नवखेपणी उडताना जादा पसारा कामाला येत असावा. पुढे दरवर्षी पिसं बदलतात तशी ती आखूड होत जातात. म्हणजे हा पक्षी वाढत्या वयात दिसायला लहान होतो. मग मी झाडांकडे नीट बघितलं. खरंच, एका फांदीवर आई असावी तसा दांडगा तपकिरी पक्षी आणि शेजारी सुबक पांढऱ्या डोक्याचा, आणि दोघांत पोर कोण हे रंगावरूनच सांगायचं.

याच गोष्टीने जॉन जेम्स ऑड्युबॉनला चकवलं. अमेरिकेतल्या पक्ष्यांची मीटरभर उंचीच्या कागदांवर चित्रं काढणारा हा चित्रकार. त्याने 1814 मध्ये मिसिसिपी नदीच्या वरच्या भागात एक भला थोरला तपकिरी गरुड पाहिला, आणि विज्ञानाला ठाऊक नसलेली ही नवीच जात आहे असं जाहीर केलं. पंखांचा पसारा दहा फुटांहून जास्त, असंही लिहून ठेवलं. नाव दिलं वॉशिंग्टनचा पक्षी, आणि चित्र आपल्या महाग्रंथात 11 व्या क्रमांकावर घातलं. त्यानंतर तसा पक्षी कुणालाच सापडेना. बहुतेक पक्षितज्ज्ञ आज म्हणतात, तो बाल्ड ईगलचा पोरगा होता. काहींना तर ते चित्रच दुसऱ्या कुणाच्या चित्रावरून उतरवलेलं वाटतं. त्या भानगडीत मी पडत नाही. मला मजा वाटते ती एवढीच की राष्ट्राचा पहिला अध्यक्ष ज्याच्या नावाने अमर व्हायचा होता, तो राष्ट्रीय पक्षीच होता, फक्त मिसरूड न फुटलेला.

आणि ओळख न पटणं या पोरांच्या जिवावर बेतलेलं आहे. बाल्ड ईगलला मारायला अमेरिकेत 1940 पासून (अलास्कात मात्र नंतर) कायद्याने बंदी आहे. पण सोनेरी गरुडाला नव्हती, आणि तो आयुष्यभर तपकिरीच असतो. मेंढपाळ आणि शिकारी सोनेरी समजून जे तपकिरी पक्षी पाडत, त्यात कितीतरी बाल्ड ईगलची पोरं असत. अखेर 1962 मध्ये सोनेरी गरुडालाही त्याच कायद्यात घेतलं, आणि त्यामागे पोरांना वाचवायचं हे एक मोठं कारण होतं. दोन तपकिरी पक्ष्यांतला फरक बंदूकवाल्यांना कळेना, तेव्हा सरकारने दोन्हीला हात लावू नका म्हटलं. एखाद्या पोराला शेजारचा समजून बडवतात, म्हणून शेवटी गल्लीतल्या सगळ्याच पोरांना अभय मिळावं, असा हा न्याय आहे आणि मला तो फार पटतो.

एका सकाळी एक दुसऱ्या वर्षीचा पोरगा आमच्या अगदी समोर, बर्फाच्या कडेला मासा घेऊन उतरला. उतरला म्हणण्यापेक्षा आदळला. दोन्ही पाय पुढे काढून आला, बर्फ निसरडा निघाला, आणि तो छातीवर पडून वीतभर घसरत गेला. मासा मात्र सोडला नाही. उठला, अंग झटकलं, इकडेतिकडे बघितलं. मला पहिल्यांदाच इतक्या जवळून त्याचं तोंड दिसलं. चोचीच्या मुळाशी ओठांसारखी पिवळी कड, तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत गेलेली, बाकी चोच शिशाच्या रंगाची, टोकाला काळी. भुवईचं हाड पुढे आलेलं असल्यामुळे मूळ चेहरा संतापलेला, पण खालचे डोळे तपकिरी आणि मऊ. रागावलेल्या माणसाचं कपाळ आणि धांदरटाचे डोळे, अशी काहीतरी त्याची ठेवण होती. पोटावरच्या पांढऱ्या पिसांत बर्फाचा भुगा अडकला होता.

मासा खावा कसा याबद्दल त्याचा काही निश्चित बेत नव्हता. एका पायाने दाबला, चोचीने ओढला, तर मासा उसळून मागे पडला. त्याने स्वतःच्या दोन पायांमधून वाकून मागे बघितलं. तेवढ्यात एक कावळा आला आणि त्याने शांतपणे त्याची शेपूट ओढली. पोरगा गर्रकन वळला. दुसरा कावळा माशाकडे गेला. पोरगा पुन्हा वळला, पहिल्याने पुन्हा शेपूट ओढली. हा प्रकार बराच वेळ चालला. शेवटी वरून आणखी दोन जुव्ही आले, तिघांची हवेत झोंबाझोंबी झाली, नखं नखांत अडकली, आणि मासा पाण्यात गेला. तो एका सीगलने उचलला. तिन्ही पोरं वेगवेगळ्या फांद्यांवर जाऊन बसली. त्यातली एक फांदी बारीक होती. मोडली.

या सगळ्यात ओरडणं खूप चाललं होतं, आणि तो आवाज ऐकून नवख्या माणसाची निराशा होते. चित्रपटांत गरुड दिसला की काळीज चिरणारी लांब किंकाळी ऐकू येते. ती या पक्ष्याची नव्हेच, लाल शेपटीच्या ससाण्याची उसनी आणलेली असते. बाल्ड ईगलचा खरा आवाज बारीक, चिवचिवाटासारखा, मध्येच खिंकाळणारा. ह्यांनी व्हिडिओ घेतला होता. मुलीने ऐकून विचारलं, "बाबा, मागे कुणाची गाडी सुरू होत नव्हती का?"

दुसऱ्याचं पळवून खाणं ही नुसती पोरवयातली खोडी नाही, हेही सांगायला हवं. मोठेही तेच करतात. बेंजामिन फ्रँकलिनने जानेवारी 1784 मध्ये फ्रान्सहून आपल्या मुलीला पत्र लिहिलं, त्यात या पक्ष्याची यथेच्छ निंदा केली. वाईट चालीचा पक्षी आहे, कष्ट करून मासा धरणाऱ्या दुसऱ्या पक्ष्याच्या तोंडचा घास हिसकावतो, असा त्याचा आक्षेप. हा गरुड राष्ट्रमुद्रेवर येऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. राष्ट्रमुद्रेवर 1782 पासून बसलेला हा पक्षी कायद्याने राष्ट्रीय पक्षी झाला मात्र डिसेंबर 2024 मध्ये. मधल्या काळात सगळ्यांनी तो आहेच असं धरलं होतं, कागदपत्र कुणीच बघितलं नव्हतं. ह्यांना बँकवाले म्हणून याचा मानसिक त्रास झाला.

तळ्याच्या काठाला आणखी जुना एक करार आहे, तो असा कागदावर नाही. ऑनंडागा लोकांचा देश हाच. होडिनोशोनी संघातल्या पाच राष्ट्रांनी आपसातली वैरं इथेच, या तळ्याकाठी मिटवली असं ते सांगतात. हत्यारं एका पांढऱ्या पाइन वृक्षाखाली पुरली, आणि त्या शांतिवृक्षाच्या शेंड्यावर गरुडाला बसवलं, लांबून येणारं संकट दिसावं म्हणून. त्यांच्या पवित्र तळ्यात पारा सोडणारं संकट त्याने बघितलं असणार. पण नुसतं बघून भागत नाही. गरुडाचं पीस त्यांना विधींसाठी लागतं. इतरांनी मात्र जमिनीवर पडलेलं पीसही उचलायचं नाही, ठेवायचं नाही, असा कायदा आहे. मेलेले गरुड आणि पिसं डेन्व्हरजवळच्या सरकारी भांडारात जातात आणि तिथून मूळ रहिवाशांच्या जमातींना अर्जाप्रमाणे मिळतात. एकदा बर्फात वीतभर लांब तपकिरी पीस पडलेलं मला दिसलं. ह्यांनी त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि हात पाठीमागे बांधून निघून आले, देवळात नारळ फोडायच्या आधी फिरतात तसे.

मुळात या राज्यात गरुड उरले होते कुठे? डीडीटी हे कीटकनाशक माशांत, माशांतून गरुडात, आणि मग अंड्यांची कवचं इतकी पातळ की आई उबवायला बसली की फुटावीत. 1963 मध्ये अलास्का सोडून साऱ्या देशात घरटी करणाऱ्या 417 जोड्या उरल्याची नोंद आहे. न्यूयॉर्क राज्यात तर एकच घरटं नांदतं होतं, हेमलॉक तळ्यावर, आणि तिथलीही अंडी उबत नव्हती. 1972 मध्ये डीडीटीवर बंदी आली. पण जोडपीच नाहीत, तर पिल्लं येणार कुठून?

ती बाहेरून आणली. सिरॅक्यूजपासून तासाभराच्या अंतरावर माँटेझुमाचं अभयारण्य आहे, दलदलीचं. तिथे 1976 मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या टिना मॉरिस नावाच्या विद्यार्थिनीने एका उंच मनोऱ्यावर दोन पिल्लं वाढवली. पिल्लांना माणूस दिसता कामा नये, नाहीतर ती माणसाला आई समजतात. म्हणून लपून मासे पोचवायचे, लपून बघत बसायचं, आणि पंख आले की पिंजऱ्याचं दार उघडायचं. पुढे राज्य सरकारने हेच काम चालवलं आणि 1988 पर्यंत 198 पिल्लं अशी आणून सोडली. बहुतेक अलास्कातली. त्याच अलास्कात 1917 पासून पुढची पस्तीस वर्षं गरुड मारणाऱ्याला सरकारी इनाम मिळत होतं आणि लाखाहून जास्त गरुड त्यात गेले होते, सामन मासे खातात या आरोपावरून. उरलेल्यांच्या पोरांनी न्यूयॉर्क पुन्हा वसवलं. 1980 मध्ये सोडलेल्यांपैकी एका जोडीने वॉटरटाउनजवळ स्वतःचं घरटं केलं. आता राज्यात शेकडो घरटी आहेत, आणि अलास्का वगळून देशभरात तीन लाखांवर गरुड असल्याचा सरकारी अंदाज 2021 मध्ये आला.

या सगळ्या गर्दीत पोस्टमनचा लाडका एकच, आणि त्याला नाव नव्हतं. पायातल्या कड्यावरचा आकडा होता, 03142. हा 1977 मध्ये मिनेसोटाहून पिल्लू म्हणून आला, माँटेझुमाच्या मनोऱ्यात वाढला, पुढे त्या एकुलत्या हेमलॉक तळ्यावर जाऊन राहिला आणि वर्षानुवर्षं तिथे बाप होत राहिला. जून 2015 मध्ये रोचेस्टरजवळ रस्त्याच्या कडेला ससा खात असताना मोटारीने उडवला. वय 38. कडं घातलेल्या बाल्ड ईगलमध्ये एवढा जगलेला दुसरा नोंदलेला नाही. पोस्टमनने हे सांगितलं तेव्हा ह्यांनी नेमका बँकेतल्या माणसाचा प्रश्न विचारला, "अडतीस वर्षांतली तपकिरी किती?" "पाच," तो म्हणाला, "बाकी सगळी पेन्शन."

ह्यांनीही मग त्याला आपल्याकडची गोष्ट सांगितली. आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड असतो, तो याच कुळातला, सख्खा चुलतभाऊ म्हणावा असा. त्याचीही पोरं आधी तपकिरी असतात, आणि त्यांनाही कुणी ओळखत नाही. पोस्टमनला फार आनंद झाला. आपल्या गल्लीतल्या मुलांचे नातेवाईक सापडल्यावर होतो तसाच.

त्या बर्फावर आदळलेल्या पोराचा फोटो खरोखरच उत्तम आला. पंखाची दातेरी कड, पोटावरचे चट्टे, डोळ्यातली तपकिरी चकाकी, सगळं स्वच्छ. ह्यांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली काहीच लिहिलं नाही, कारण फोटो बोलेल अशी ह्यांची समजूत होती.

पहिला निरोप नणंदबाईंचा आला. "वा! छान घार!"

मग थोरले दीर. "आमच्या गच्चीवर अशा रोज दोन येतात. परवा एकीने कुरडई नेली."

ह्यांनी थर्मासमधला चहा तसाच ठेवला आणि टंकायला बसले. ऑड्युबॉन, 1962 चा कायदा, मनोरा, पिसांचा हिशेब, सगळं सविस्तर. इतका मोठा निरोप आमच्या ग्रुपवर आजवर फक्त मालमत्तेच्या वाटणीच्या वेळी आला होता. निळ्या खुणा उमटल्या, सगळ्यांच्या उमटल्या, आणि नंतर कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात पाठवली. तिच्याखाली धाकट्या पुतण्याने विचारलं होतं, "काका, पांढऱ्या डोक्याचा नाही का मिळाला?"

ह्यांनी चष्मा लावला आणि एका बोटाने उत्तर लिहिलं, "हाच आहे तो. तीन वर्षं थांब, पुन्हा पाठवतो."